उन्हाळ्यात एम-टू : वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं

यावेळी मेसेज उघडले तर निम्मे एकाच गोष्टीवरचे. स्वायत्त कॉलेजांत मे-जूनमध्ये समर टर्म लागते ना, तिच्यातला मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, म्हणजे पोरांच्या भाषेत एम-टू. शिकवणाऱ्यांनी लिहिलंय, शिकणाऱ्यांनी लिहिलंय, फी भरणाऱ्यांनी पण लिहिलंय. मग म्हणलं हा महिना त्यालाच देऊन टाकू, बाकीच्यांनी जरा दम धरा.

प्रश्न : सर नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवतो. यंदा समर टर्मचा एम-टू एचओडींनी (विभागप्रमुखांनी) माझ्या गळ्यात घातलाय. सहा आठवडे, रोज दोन तास. पोरं एकतर बॅकलॉगवाली नाहीतर डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. सिलॅबस पार्शल डेरिव्हेटिव्हपासून स्टोक्सच्या थिअरमपर्यंत. एचओडी म्हणतात सिलॅबस कम्प्लीट झालाच पाहिजे, पोरं पहिल्याच दिवशी म्हणणार सर आयएमपी (परीक्षेला हमखास येणारे प्रश्न) द्या. कुठून सुरू करू, काय गाळू आणि पेपर कसा काढू?

उत्तर : सर, आधी हिशोब मांडून बघा. नेहमीच्या सेमिस्टरला पंधरा आठवडे आणि आठवड्याला चार तास, म्हणजे ६० तास. तुमच्याकडे सहा आठवडे, आठवड्याला दहा तास, म्हणजे पण ६०च. तेव्हा तास काही कमी नाहीत. कमी आहेत त्या मधल्या रात्री. नेहमीच्या टर्मला आज शिकवलेलं परवापर्यंत डोक्यात मुरतं, पोरगं एखादं गणित घरी चुकतं, मित्राला विचारतं, मग पुढचा तास येतो. समरमध्ये हे सगळं व्हायला एकच संध्याकाळ मिळते आणि ती पण मे महिन्यातली, म्हणजे कुणाच्या तरी हळदीची नाहीतर गावच्या जत्रेची. एक दिवस बुडाला की नेहमीच्या टर्मचा अर्धा आठवडा गेला. म्हणून जे घरी व्हायचं ते वर्गात करून घ्या. दोन तासांतला एक तास तुमचा, एक त्यांचा, आणि त्यांच्या तासाला तुम्ही खडू खाली ठेवून बाकांमधून फिरायचं. 'असं केलं तर सिलॅबस होत नाही' असं म्हणाल, पण होतो, कारण फळ्यावर तुम्ही सोडवलेली पाच गणितं आणि पोरानं स्वतः चुकत चुकत सोडवलेली दोन यात दोनचंच वजन जास्त असतं.

वर्ग सकाळी आठला लावून घ्या, यासाठी ऑफिसशी भांडावं लागलं तर भांडा. दुपारी वळीव आला की लाईट जाते, आणि लाईट नाही गेली तरी दोन वाजता पत्र्याखालच्या वर्गात कुणाला ग्रेडियंट सुचत नाही.

आता सुरुवात. माझं मत विचाराल तर या विषयात पोरं इंटिग्रेशनमुळं नापास होत नाहीत, चित्र न काढल्यामुळं होतात. बॅकलॉगचे पेपर काढून बघा. डबल इंटिग्रलचं गणित असतं, पोरानं आतलं इंटिग्रेशन व्यवस्थित केलेलं असतं, पण लिमिट्सच चुकीच्या, कारण तो प्रदेश कसा दिसतो हेच कागदावर नाही. तर पहिले तीन-चार दिवस डेरिव्हेटिव्हचं नाव काढू नका. नुसतं काढायला लावा. पॅराबोलॉइड, सिलिंडर, कोन (शंकू), प्लेन, आणि प्रत्येकाचे आडवे काप वहीत. तुमचं चित्र फळ्यावर भारी येत असेल तर उलट जरा वाईट काढा, म्हणजे पोरांना धीर येतो.

आणि कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवायला पुस्तकातला तो परदेशी डोंगर कशाला पाहिजे, समोर पन्हाळा आहे की. सर्व्हे ऑफ इंडियाचा एकास ५०,००० चा नकाशा घ्या, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दोन कंटूरमध्ये २० मीटर उंचीचा फरक. पन्हाळ्याच्या भागाची झेरॉक्स काढून प्रत्येक बाकावर एक द्या आणि विचारा, रेषा दाटीनं कुठं आहेत, विरळ कुठं आहेत, आणि या ठिपक्यावर पाण्याची बाटली सांडली तर पाणी कुठल्या बाजूला जाईल. पोरं बाण काढतात आणि तो बाण कंटूरला काटकोनात येतो, तुम्ही न सांगता. तो बाण उलटा केला की झाला ग्रेडियंट, सगळ्यात जास्त चढ कुठल्या दिशेला ते सांगणारा. व्याख्या नंतर द्या.

त्याच नकाशावर पुढचा प्रश्न. समजा एका जागी एका सेंटिमीटरात पाच अंतरं बसलीत, म्हणजे ५०० मीटर चालताना १०० मीटर चढ, पाचास एक. सरळ वर गाडी घातली तर एसटी काय चढत नाही. रस्ता करणाऱ्याला चढ पाहिजे विसास एक. मग रस्ता ग्रेडियंटशी किती कोनात न्यायचा? डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ठरवलेल्या दिशेनं जाताना लागणारा चढ, हा ग्रेडियंटची लांबी गुणिले कोसाइन थीटा, म्हणून कोसाइन थीटा येतं एक चतुर्थांश, कोन साडेपंचाहत्तर अंशाच्या आसपास. म्हणजे रस्ता जवळजवळ कंटूरच्या कडेकडेनंच जातो, थोडाच वर चढतो. वाघबीळवरनं वर जाताना गाडी सारखी वळणं का घेते ते ज्यानं त्यानं लहानपणापासून बघितलंय, त्याचं गणित पहिल्यांदा बघतील. या एका तासानं डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हचं प्रकरण निम्मं संपतं.

दोन व्हेरिएबलच्या लिमिटवर जास्त रेंगाळू नका. एक्स वाय भागिले (एक्स वर्ग अधिक वाय वर्ग) हे फंक्शन द्या, एक्स अक्षावरून ओरिजिनला आलं तर शून्य येतं, वाय बरोबर एक्स या रेषेवरून आलं तर अर्धा येतो, म्हणून लिमिट नाही. हुशार पोरगं म्हणेल, मग सगळ्या रेषांवरून सारखंच आलं तर लिमिट आहे का? त्याला एक्स वर्ग वाय भागिले (एक्सचा चौथा घात अधिक वाय वर्ग) हे घरी द्या. सगळ्या सरळ रेषांवरून शून्य येतं आणि वाय बरोबर एक्स वर्ग या पॅराबोलावरून आलं की अर्धा. एवढं पुरे. एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) इथं सरळ गाळा, इंजिनिअरिंगच्या पोराला त्यानं काही मिळत नाही आणि समरमध्ये तर दोन दिवस खाऊन जातं.

लॅग्रांजमध्ये, म्हणजे एखादी अट पाळून जास्तीत जास्त किंवा कमीत कमी काढायच्या रीतीत, पोरं यंत्रासारखी समीकरणं सोडवतात आणि शेवटी लॅम्डा खोडून टाकतात, जणू तो पाहुणा होता. खोडू देऊ नका. २०० मीटर तार आहे, एका लांब सरळ भिंतीला लागून तीन बाजूंनी कुंपण घालायचं, एक बाजू एक्स आणि दोन बाजू वाय, जास्तीत जास्त जागा पाहिजे. उत्तर येतं एक्स १००, वाय ५०, क्षेत्रफळ ५,००० चौरस मीटर, आणि लॅम्डा ५०. आता विचारा, तार एक मीटर वाढवून दिली तर जागा किती वाढेल? करून बघा म्हणावं, २०१ मीटरला १००.५ गुणिले ५०.२५, म्हणजे ५,०५० चौरस मीटर आणि वर चिमूटभर. वाढले पन्नास, म्हणजेच लॅम्डा. तारेच्या शेवटच्या मीटरची किंमत लॅम्डा सांगतो. हे कळलेलं पोरगं पुढं एमबीए करो नाहीतर शेती, विसरत नाही.

डबल इंटिग्रलला सगळ्यात जास्त दिवस द्या, पूर्ण एक आठवडा. ऑर्डर बदलायचं एक गणित आहे, जुनंच आहे पण त्याला तोड नाही. ईचा वाय वर्ग घात, आतलं इंटिग्रेशन वायवर एक्सपासून १ पर्यंत, बाहेरचं एक्सवर ० ते १. पोरांना दहा मिनिटं तसंच झगडू दे. कुणाचंच होणार नाही, कारण ईचा वाय वर्ग घात याचं इंटिग्रेशन आपल्याला माहीत असलेल्या फंक्शनमध्ये बसतच नाही. मग म्हणा, चित्र काढा. त्रिकोण येतो, कोपरे (०,०), (०,१) आणि (१,१). उभ्या पट्ट्यांऐवजी आडव्या पट्ट्या पाडा, एक्स जातो ० पासून वायपर्यंत, आतलं इंटिग्रेशन केलं की बाहेर वाय गुणिले ईचा वाय वर्ग घात उरतं, आणि ते तर बारावीच्या सबस्टिट्यूशनचं आहे. उत्तर (ई वजा १) भागिले २, साधारण ०.८५९. जे काम कॅल्क्युलसनं होत नव्हतं ते पट्टी फिरवल्यावर झालं. वर्गात त्या क्षणी मागच्या बाकावरनं 'आयला' असा आवाज येतोच, मी तर त्याचीच वाट बघत असायचो.

पोलर कोऑर्डिनेट्समध्ये डीआर डीथीटाच्या आधी लागणारा तो आर विसरण्याचा रोग सगळ्यांना असतो. त्यावर औषध एकच, प्रत्येक वेळी आधी १ त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला लावा. आर विसरला तर दोन पाय येतं, आर घातला तर पाय. सातवीतलं पोरगं पण सांगेल कुठलं बरोबर. जॅकोबियनचा डिटर्मिनंट त्याच्यानंतर.

ग्रीनच्या थिअरमला मात्र वर्गात बसू नका. ग्राउंडवर चला. चार खुंट्या ठोका, टेप घ्या, एक खुंटी ओरिजिन. समजा माप फुटात आलं (०,०), (६६,०), (६६,९९) आणि (०,६६). आता कडेनं फिरत प्रत्येक बाजूसाठी आधीच्या खुंटीचा एक्स गुणिले पुढच्या खुंटीचा वाय, वजा पुढच्याचा एक्स गुणिले आधीच्याचा वाय. पहिल्या बाजूला शून्य, मग ६,५३४, मग ४,३५६, मग पुन्हा शून्य. बेरीज १०,८९०, निम्मे केले ५,४४५ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर पाच गुंठे. प्लॉटच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही, नुसतं बांधावरून फिरलं आणि आतली जागा कळली. मोबाईल हातात धरून बांधावरनं फेरी मारली की अ‍ॅप गुंठे सांगतं, त्याच्या पोटात पण असाच हिशोब असतो. करवीर, कागल, हातकणंगल्याची पोरं असतात वर्गात, त्यांच्या घरी बांधावरनं वाद झालेलेच असतात, त्यामुळं या तासाला झोप कुणाला येत नाही. जाता जाता सांगा की हा जॉर्ज ग्रीन इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ पिठाची चक्की चालवायचा, शाळा जेमतेम वर्षभर, आणि १८२८ साली त्यानं स्वतःच्या जिवावर निबंध छापला. डिप्लोमावरनं आलेल्या पोरांना ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त भिडते.

स्टोक्स आणि गाउसचे थिअरम (ग्रीनचीच त्रिमितीतली भावंडं) शेवटच्या आठवड्यात येणार, तेव्हा सगळे दमलेले. दोन्हीची सिद्धता गाळा. प्रत्येकी दोन गणितं, समीकरणाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढून सारख्या येतात हे दाखवायचं, बस. स्टोक्सचं नाव असलेला थिअरम पहिल्यांदा छापून आला तोच १८५४ साली केंब्रिजच्या एका परीक्षेत प्रश्न म्हणून, तेव्हा आयएमपी मागणाऱ्यांना सांगा की बाबांनो ही परंपरा जुनी आहे. ट्रिपल इंटिग्रलमध्ये स्फेरिकलचा गोल आणि आइस्क्रीमचा कोन एवढे दोनच प्रदेश करा. बीटा-गॅमा सिलॅबसात असतील तर एका तासात फॉर्म्युले देऊन मोकळे व्हा, एचओडींना रजिस्टरमध्ये टॉपिक दिसला की झालं.

पेपरचं म्हणाल तर दर शुक्रवारी वीस मिनिटांची टेस्ट, दोनच प्रश्न, आणि पेपर सोमवारी सकाळी परत हातात. चार दिवसांनी दिलेला पेपर समरमध्ये काही कामाचा नाही, तोवर तुम्ही पुढच्या प्रकरणात गेलेले असता. शेवटच्या पेपरात एक प्रश्न असा टाका की 'प्रदेशाचं चित्र काढा, दोन्ही ऑर्डरनी लिमिट्स लावा, इंटिग्रेशन करू नका'. त्याला चांगले मार्क ठेवा आणि हा प्रश्न येणार आहे हे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून टाका. हेच तुमचं आयएमपी. मानधन कधी मिळतं ते मला विचारू नका, ते दोन्ही बाजूंनी इंटिग्रेट करून पण सापडत नाही.

प्रश्न : सर मी कागलहून येते, डिप्लोमा मेकॅनिकल करून डायरेक्ट सेकंड इयरला आले आणि एम-टू बॅक आहे. आमच्या डिप्लोमात इंटिग्रेशन झालं होतं पण एवढं नाही. समर टर्मला बसतेय. वर्गात सर सोडवतात तेव्हा सगळं कळतं, घरी वही उघडली की काहीच येत नाही. यूट्यूबवर पण बघते. अजून काय करू?

उत्तर : अगं, कळतं आणि येतं यात एवढाच फरक आहे की येण्यासाठी वही बंद करावी लागते. वर्गात सोडवलेलं गणित त्याच दिवशी संध्याकाळी कोऱ्या कागदावर, वही न बघता परत सोडव. अडलीस तर वही उघड, फक्त अडलेली ओळ बघ, परत बंद कर. रोज दोन गणितं अशी केलीस तरी पुरे, दहा वाचण्यापेक्षा.

टर्म सुरू व्हायच्या आधीचा आठवडा मात्र वाया घालवू नको. तेव्हा एम-टूला हातच लावायचा नाही, त्याच्या आधीचं पक्कं करायचं : साइन वर्ग, कोसाइन वर्गाचं इंटिग्रेशन, बाय पार्ट्स, सबस्टिट्यूशन, आणि रेषा, पॅराबोला, वर्तुळ यांची समीकरणं बघितली की चित्र डोळ्यासमोर येणं. डिप्लोमाच्या पोरींचं ड्रॉइंग डिग्रीवाल्यांपेक्षा चांगलं असतं हे मी कितीतरी वर्षं बघत आलोय, तुम्ही मशीन ड्रॉइंगमध्ये सेक्शन काढलेले असतात ना, ट्रिपल इंटिग्रलमध्ये तेच लागतं, घनाचा कुठं काप घेतला तर काय दिसेल. तेव्हा स्वतःला मागं समजू नको.

यूट्यूब बघायला हरकत नाही पण एकच जागा धर. एनपीटीईएलवर आपल्या आयआयटीच्या लोकांची व्याख्यानं आहेत, एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर १८.०२ नंबरचा पूर्ण कोर्स फुकट आहे, प्रश्नपत्रिकांसकट. 'वन शॉटमध्ये एम-टू' असलं रात्री बाराला बघू नको, ते बघून फक्त झोप जाते. आणि मोबाईलवर जिओजेब्राचं थ्रीडी टाकून घे, आधी हातानं चित्र काढायचं, मग त्यात टाकून बरोबर आलं का बघायचं. उलट क्रमानं केलंस तर हात कधीच तयार होणार नाही.

प्रश्न : नमस्कार. आमचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, फौंड्रीला पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) करून देतो. पोराचा हा विषय राहिलाय, आता परत समरची फी भरलीय. मी त्याला म्हणतो, बाबा मी तीस वर्षं धंदा केला, मला कधी हा ट्रिपल इंटिग्रल लागला नाही. तो पण मला उत्तर देऊ शकत नाही. तुम्ही सांगा, हे नक्की कशाला शिकायचं?

उत्तर : साहेब, लागला, फक्त नाव कुणी सांगितलं नाही. तुम्ही रायझर, म्हणजे आक्रसणाऱ्या धातूला भर घालणारा तो जादा धातूचा साठा, कुठं लावायचा हे कसं ठरवता? जिथं जाडी जास्त तिथं, कारण तो भाग उशिरा गोठतो आणि पोकळी तिथं पडते. याचा नियम १९४० साली च्वोरिनोव्ह नावाच्या माणसानं मांडला : कास्टिंग गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ, याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

आता हातातलं उदाहरण घ्या. सहा सेंटिमीटरचा ठोकळा, घनफळ २१६, सहा बाजू मिळून पृष्ठफळ पण २१६, भागाकार एक. तेवढ्याच धातूची बारा बाय बारा बाय दीडची प्लेट केली तर घनफळ तेच २१६, पण पृष्ठफळ ३६०, भागाकार ०.६, त्याचा वर्ग ०.३६. धातू तेवढाच, साच्याचं मटेरियल तेच, ओतायचं तापमान तेच, पण ठोकळ्याला शंभर सेकंद लागले तर प्लेट छत्तीस सेकंदांत गोठते. रायझर आधीच गोठला तर त्याचा काही उपयोग नाही, त्याचा भागाकार कास्टिंगच्या त्या भागापेक्षा मोठा पाहिजे, हे तुम्ही अनुभवानं करताच.

ठोकळा आणि प्लेटचं घनफळ मनातल्या मनात येतं. पण पंपाच्या बॉडीचं? व्हॉल्व्हचं? तिथं घनफळ म्हणजे ट्रिपल इंटिग्रल, पृष्ठफळ म्हणजे सरफेस इंटिग्रल. शिरोली-गोकुळ शिरगावच्या मोठ्या फौंड्र्यांत आता ओतायच्या आधी कॉम्प्युटरवर कास्टिंग गोठवून बघतात, त्या सॉफ्टवेअरच्या आत उष्णतेचं समीकरण आहे, उष्णता गरम भागाकडनं गार भागाकडं तापमानाच्या ग्रेडियंटच्या उलट दिशेनं वाहते हे फूरियेनं १८२२ सालच्या ग्रंथात मांडलेलं. सॉफ्टवेअर चालवायला गणित लागत नाही हे खरं. पण स्क्रीनवर लाल डाग चुकीच्या जागी दिसला आणि पोरगं म्हणालं 'कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे बरोबर', तर नुकसान तुमचं. तो डाग बघून 'इथं कसं शक्य आहे' असं म्हणणारा माणूस तयार व्हायला एक तर तुमची तीस वर्षं लागतात नाहीतर हा विषय नीट लागतो, दोन्ही असेल तर उत्तमच. पोराला एक रविवार वर्कशॉपमध्ये बसवा आणि एखाद्या पॅटर्नचं घनफळ काढायला लावा, मग पाण्यात बुडवून ताडा. फी वसूल होईल.

प्रश्न : मी रुईकर कॉलनीतून लिहितेय. मुलगी अमेरिकेत गणितात पीएचडी करते. यंदा उन्हाळ्यात तिला युनिव्हर्सिटीनं मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचा पूर्ण कोर्स एकटीनं शिकवायला दिलाय, आतापर्यंत ती फक्त ट्युटोरियल घ्यायची. फोनवर आवाज घाबरलेला वाटतो. मुलं तिला नुसतं नावानं हाक मारतात म्हणे. मी काय सांगू तिला?

उत्तर : ताई, आधी हे घ्या की एकटीला कोर्स दिला म्हणजे विश्वास टाकलाय. तिकडं उन्हाळ्याचे असले कोर्स बऱ्याचदा पीएचडीवाल्यांकडंच जातात, सहा किंवा आठ आठवड्यांचे. वर्ग पण मिश्र असतो : एखादं हुशार पोरगं डिग्री लवकर संपवायला आलेलं, एखादं नापास होऊन आलेलं, कधी दुसऱ्या कॉलेजातनं क्रेडिट नेणारं. आपल्याकडच्यासारखी सगळी बॅकलॉगची नसतात, त्यामुळं वेग कुणासाठी धरायचा हाच तिचा खरा प्रश्न असणार. तिला म्हणावं मधल्यासाठी धर, पुढच्यांना वेगळं अवघड गणित दे, मागच्यांना ऑफिस अवर्समध्ये बोलव.

दुसरं, तिथं पहिल्या दिवशी जो सिलॅबसचा कागद देतात तो जवळजवळ करारासारखा असतो. टेस्टला किती टक्के, होमवर्कला किती, उशीर झाला तर काय, आजारी पडलं तर काय, सगळं त्यात पाहिजे. आपल्या मुली मायाळू, मधेच एकाला सवलत देतात आणि मग बाकीचे विचारतात आम्हाला का नाही. जे द्यायचं ते आधीच सगळ्यांना लिहून द्यायचं, उदाहरणार्थ सगळ्यात कमी मार्कांची एक क्विझ धरणार नाही.

नावानं हाक मारण्याचं मनावर घेऊ नका, तिकडं तो अपमान नाही. आणि गंमत सांगतो, तिथल्या कुणा विद्यार्थ्याच्या आईनं तुमच्यासारखाच फोन करून 'माझ्या मुलाला किती मार्क पडले' विचारलं तर तुमच्या मुलीनं विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय सांगायचं नसतं, १९७४ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडं आला तर निम्म्या पालकसभा बंद पडतील.

बाकी वरचं पन्हाळ्याचं उदाहरण तिला पाठवा. तिथल्या पोरांना पन्हाळा माहीत नसला म्हणून काय, तिच्या गावाजवळचा एखादा डोंगर असेलच, नकाशे सगळीकडं मिळतात.

प्रश्न : सर, सकाळी आठ ते दहा समरचा वर्ग आणि त्याच दिवसांत शिरोली एमआयडीसीत इंटर्नशिप मिळतेय, आठ तासांची शिफ्ट. दोन्ही जमेल का? घरचे म्हणतात दोन्ही कर.

उत्तर : घरच्यांना शिफ्टमध्ये उभं राहायचं नाही म्हणून ते म्हणतात. दोन तास वर्ग, त्याच्यावर स्वतःचा अभ्यास कमीत कमी तीन तास, आठ तास शिफ्ट आणि जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. फर्स्ट शिफ्ट असेल तर विषयच नाही, वर्गाच्या वेळी तू गेटच्या आत असणार. सेकंड शिफ्ट मिळाली तर जमू शकतं : दहाला वर्ग सुटला की घरी न जाता लायब्ररीत एकपर्यंत बस, तिथंच डबा खा आणि मग शिफ्टला जा. रात्री घरी आल्यावर अभ्यास करीन असं ठरवू नको, होत नाही. जनरल शिफ्ट देत असतील तर इंटर्नशिप जुलैपासून मिळते का ते विचार, कंपन्या पुष्कळदा ऐकतात. आणि सेकंड शिफ्ट घेतलीस तर परीक्षेच्या आठवड्याची सुट्टी जॉईन व्हायच्या आधीच मेलवर लिहून मागून ठेव, तोंडी मागितलेली सुपरवायझर बदलला की गेली.